दाऊद मास्तरांची पोरं

रवि., ९ नोव्हें.
आमच्या प्रियाच्या लग्नाची तीनपैकी पहिली घोषणा आज चर्चात झाली. "कोणाची हरकत असल्यास कळवावे," असं पास्टर म्हणाले की सगळे आपापल्या पायांकडे बघतात. आजही बघितलं. नंतर चहाच्या वेळी नवरदेवाच्या, अभयच्या आत्याबाईंनी मला भिंतीकडे नेलं. हिंगोलीहून वसमतला खास त्यासाठी आल्या होत्या. "सिस्टर, हे लग्न न्हाई होऊ शकत. पोरगा-पोरगी एकाच रक्ताचे हायत."

मोबाइलवर वंशावळ दाखवली. आमच्या यांचे आजोबा शमुवेल आणि अभयचे पणजोबा इम्मानुएल सख्खे भाऊ. बाप दाऊद मास्तर, मिशनच्या बोर्डिंगचे. आडनावं वेगळी कशी, तर म्हणे त्या काळी आडनाव ज्याच्या त्याच्या मर्जीचं.

पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलो तरी भावकीत लग्न आपल्यात अजून कोणी करत नाही. हे बाकावर बसले ते उठेनात. पोरीला काय सांगू.

सोम., १०
सांगितलं. रडली नाही, सरळ मोबाइल घेऊन बसली. ती वंशावळ परदेशातल्या कुठल्याशा चर्चच्या साइटवर आहे. जगभरच्या चर्चमंडळ्यांतून लोक नोंदी पाठवतात, ते ठेवून देतात. आमच्या नोंदीखाली 'मंडळीच्या सदस्याकडून आलेली माहिती' एवढंच. मूळ पानाचा फोटो नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. शमुवेल-इम्मानुएल दोघांच्या जन्मसालापुढे 'अंदाजे'.

वॉर्डात केस पेपर हातात आला की मी आधी विचारते, हे सांगितलं कोणी? सासूने सांगितलेले महिने आणि सोनोग्राफीतले महिने यांचा मेळ कधी बसत नाही. इथे तर सांगणाराच गायब.

"मम्मी, म्हणजे खोटं आहे ना?"

तसंही म्हणता येत नाही. पाठवणाऱ्याने काहीतरी बघूनच लिहिलं असणार. काय बघितलं, ते आपण बघायचं.

बुध., १२
हाफ डे टाकला. पास्टरांनी बाप्तिस्म्याचं जुनं पुस्तक काढून दिलं. कडा वाळवीने खाल्लेल्या. शमुवेल सापडला. इम्मानुएलही त्याच पानावर. बापाच्या रकान्यात दोघांपुढे दाऊद मास्तर. म्हटलं, संपलं.

पुस्तक मिटायच्या आधी सहज वरची नोंद वाचली. बाप दाऊद मास्तर. त्याच्या वरची, तेच. पान उलटलं तरी तेच. सगळी एकाच पावसाळ्यातली, सगळी पोरं दहा-बारा वर्षांची. मी पास्टरांसमोर मोठ्याने हसले. इतकी वर्षं बाळंतपणं केली, पण अशी माउली बघितली नाही.

पास्टरही हसले. म्हणाले, बोर्डिंगात बिनाबापाचं किंवा घरच्यांनी तोडलेलं लेकरू आलं की मास्तर त्या रकान्यात स्वतःचं नाव घालायला सांगायचे. कोणी त्याला पोरकं म्हणू नये म्हणून. जुने पास्टर असं सांगत.

म्हणजे नोंद पाठवणारा खोटारडा नव्हता. त्याने दोन ओळी उचलल्या आणि बाकीचं पान वाचलं नाही. बाहेर येऊन प्रियाला फोन केला. दोघी नुसत्याच हसत होतो. फार हलकं वाटलं.

रवि., १६
आत्याबाई ऐकायला तयार नाहीत. "पुस्तकात बाप लिवलाय तर तो बाप काहून न्हाई? बाकीची परकी असतील. हे दोघं खरंच त्याचे असले तर?"

राग आला. पण बाई बराबर बोलली. बाकीची पोरं त्यांची नव्हती म्हणून ही दोघं नव्हती असं कुठे सिद्ध होतं? पास्टरांनी आज दुसरी घोषणा वाचली नाही. प्रिया शेवटपर्यंत मान खाली घालून बसली.

निघताना मीच विचारलं, "तुमच्या आज्याचं मूळ गाव कोणतं?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच, "सिद्धेश्वरकडं एक बंजाऱ्यांचा तांडा हाय म्हणतात. आमी कधी गेलो न्हाई."

मंगळ., १८
आत्याबाईंना घेऊन तांड्यावर गेले. रिक्षात आपण होऊन सांगू लागल्या, की आजा दर दिवाळीला दोन दिवस नाहीसा व्हायचा, कुठे जातो ते आजी सांगायची नाही.

तांड्यात इम्मानुएल कोणालाच माहीत नाही. मिशनच्या बोर्डिंगात गेलेला, म्हटल्यावर तिथले सगळ्यात म्हातारे फुलसिंगबाबा खाटेवर उठून बसले. "तो तर आमचा रामजी. माझ्या बापाचा धाकला भाऊ."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" माझी सवय.

"सांगायला कशाला पायजे? म्या बघितलाय न्हाई का. दिवाळीला दोन दिस येऊन राहत व्हता, मरेस्तोवर. माझ्या आज्याचं, हरजीचं शेंडेफळ."

आत्याबाईंनी माझा हात धरला. बाबांशी त्यांनी दिवाळीचा शब्दही काढलेला नव्हता. एकमेकांना कधी न भेटलेली दोन माणसं तेच सांगतात, तेव्हा मी विश्वास ठेवते.

मग तांड्यातल्या बाया आत्याबाईंच्या गळ्यात पडून सुरात रडल्या. नात्यातलं माणूस फार दिवसांनी भेटलं की त्यांच्यात असंच रडतात. आत्याबाईंना त्यांच्या बोलीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या सगळ्यांत जास्त रडल्या. मीही डोळे पुसले, खोटं कशाला लिहू.

निघताना बाबांनी विचारलं, "अन् सिस्टर, तुमच्यावाले मूळचे कुठले?" मी पटकन हट्टा म्हटलं. हट्टा हे दाऊद मास्तरांचं गाव, शमुवेलचं खरं कुठलं ते आम्हाला माहीतच नाही, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

रवि., २३
दुसरी घोषणा झाली. हरकत नाही. आत्याबाई पहिल्या बाकावर, नवी साडी नेसून, जसं काही त्यांनीच जमवलंय. नंतर मला म्हणाल्या, "लई तकलीफ दिली सिस्टर तुमाला." दिली खरी. पण देवाची शपथ, आज इतकं मोकळं वाटलं की जेवून दुपारभर झोपले. हे प्रियाला हळद वसमतचीच आणायची म्हणून चिडवत होते. हळदीची बाजारपेठच इथली, वसमतच्या माणसाला दुसरी कुठली मिळणार.

मंगळ., २५
प्रियाने अभयच्या बाजूची दुरुस्ती साइटवर पाठवली. बाप हरजी. कोणी सांगितलं, कुठे सांगितलं, सगळं खाली लिहिलं. माझी पोरगी.

मग आमची बाजू उघडली. "पप्पा, शमुवेल पणजोबांच्या वडलांचं काय लिहू?"

"दाऊद मास्तर लिव."

"पण पप्पा, ते तर आता—"

"ज्यानं नाव दिलं त्याचं लिव."

मी म्हटलं, अहो, याच्यापायीच तर पोरीचं लग्न मोडायची वेळ आली होती. माहीत नाही तर माहीत नाही लिहावं. वॉर्डात मी रोज लिहिते.

हे खुर्ची ओढून प्रियाच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या आज्याला मी पोरका लिवू?"

प्रियाने माझ्याकडे बघितलं. नोंद अजून पाठवलेली नाही.