शेवटच्या पानावरची नावं

मंगळवार, ४ मार्च
तिसऱ्या पेटीची दोरी कापताना कात्री मोडली. मग दातांनी ओढली. पुस्तकं कोरडी आहेत, एकालाही कसर लागलेली नाही. वर माझ्या दोन खोल्या, खाली ग्रंथालय, समोर बाईंडरचं दुकान. जिना उतरला की नोकरी, रस्ता ओलांडला की छंद. याहून काय हवं.

ताईला फोन केला. माझ्या चिमणीची शाळा वीस तारखेला संपते, तेवीसला ताई तिला घेऊन येईल. तिची आई गेल्यापासून दीड वर्ष ती ताईकडेच आहे. चिमणीने फर्मावलं की तिची खाट खिडकीजवळ हवी, आणि खाटेखाली पुस्तकं अजिबात ठेवायची नाहीत. बाबांच्या पुस्तकांना म्हाताऱ्या माणसांचा वास येतो. उद्या सुताराला माप देतो.

शुक्रवार, ७ मार्च
बाईंडर साठीचा, एकटा, तोंडाने फटकळ. माझे हात पाहून म्हणाला, पुस्तकवाल्यांचे हात असेच, ना काम केल्याचे ना आराम केल्याचे. त्याच्या फळीवर डिंकाच्या बरण्यांमध्ये लहान मुलाचा एकच बूट आहे. कुणाचा, विचारलं. कोण जाणे, म्हणाला; कधीचा पडलाय, टाकवत नाही.

इथे प्रत्येक घराचं स्वतःचं प्रार्थनापुस्तक असायचं. तसं एक त्याने मला दिलं. बांधणीला आलं, न्यायला कुणी आलंच नाही. कातडी पुठ्ठा, पितळी कडी, इथल्याच छापखान्यातलं. शेवटच्या कोऱ्या पानावर एकाखाली एक एकोणीस नावं, प्रत्येकापुढे तारीख. एकशे चाळीस वर्षांच्या मालकांची सलग यादी! संग्राहकाला याहून मोठं घबाड नाही. दोन ठिकाणी नाव पात्याने खरवडलं आहे. तिथे कागद पातळ झालाय.

रविवार, ९ मार्च
पुस्तकाची नोंद पूर्ण. वर्षातलं सर्वांत चांगलं पुस्तक चिमणीच्या नावावर, ही माझी पद्धत. शेवटच्या मालकाखाली मऊ पेन्सिलीने तिचं पूर्ण नाव लिहिलं. विसावं. तारीख टाकली नाही. ती आली की तिच्याच हाताने टाकू.

एक गंमत. नावं वेगवेगळ्या हातांची आहेत, तारखा मात्र सगळ्या एकाच हाताच्या वाटतात. तीनचा आकडा तोच, लांब शेपटीचा. नोंदीत तसं लिहून ठेवलं.

शुक्रवार, १४ मार्च
पितळी कडी ढिली वाटली म्हणून पुस्तक बाईंडरकडे नेलं. त्याने शेवटचं पान उघडलं आणि हात मागे घेतला. ही कोण, विचारलं. माझी मुलगी, म्हटलं. तो खाली बसला.

म्हणाला, ती मालकांची नावं नाहीत. डॉक्टरने हात टेकले की घरचं माणूस त्या पानावर आजाऱ्याचं नाव लिहायचं. तारीख कुणी लिहायचं नाही. ती आपोआप उमटायची, माणूस जाण्याच्या दिवसाची. आधी का सांगितलं नाही, म्हणून मी ओरडलो. तोही ओरडला, की पुस्तक दिलं ते ठेवायला. त्यात कुणी स्वतःच्या पोरीचं नाव लिहील, हे माझ्या बापाच्या तरी स्वप्नात आलं असतं का?

घरी येऊन हसलो. मग पान उघडलं. चिमणीच्या नावापुढे तपकिरी शाई. २३ मार्च. लांब शेपटीचा तीन.

सोमवार, १७ मार्च
ताईला फोनवर सांगितलं, येऊ नका. कारण सांगता येईना. ताई भडकली, पोरीने बॅग भरून ठेवलीय, आता तूच सांग तिला. चिमणीने विचारलं, खाट झाली का. पॉलिश राहिलंय, म्हटलं. येऊ नको, हे सांगितलंच नाही.

गुरुवार, २० मार्च
चिमणीला ताप. ताई म्हणते, साधाच आहे.

पान फाडू नको, असं बाईंडर बजावतो. एका घराने फाडलं होतं. कुठल्या, विचारलं. त्याने रस्त्याच्या टोकाच्या मोकळ्या जोत्याकडे बोट दाखवलं. तिथे कोण राहायचं ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि पुसलं तर? म्हणाला, नाव गेलं की ते माणूस कुणालाच आठवत नाही. मेलं की कुठे जगतंय, कळायला मार्ग नाही. त्याने स्वतःच्या घरचं पुस्तक उघडलं. शेवटचं नाव खरवडलेलं. ओरखडे डावखुऱ्या हाताचे. बाईंडर डावखुरा आहे. कोण होतं, विचारलं. तो म्हणाला, मी कशाला खरवडीन? माझ्या घरात होतंच कोण?

फळीवरच्या बुटाकडे मी पाहिलं. त्याने नाही.

शनिवार, २२ मार्च
इस्पितळात नेलं. इकडून सुटणारी गाडी सोमवारी. मोटार मिळत नाही — तीन ठिकाणी विचारलं. ताई फोनवर नुसती रडते.

रबर काढून ठेवलं. पुन्हा आत ठेवलं.

रविवार, २३ मार्च, दुपार
ती ताईला ओळखत नाही. डॉक्टरांनी —

पेन्सिल आहे, शाई नाही. जाईल.

मला आठवणार नाही. नाही तर नाही. कुठेतरी असेल. कुणाच्या तरी घरी, खिडकीजवळ झोपत असेल. तेवढं पुरे —

आडनाव गेलं. माझं नाव गेलं. तिचं उरलंय — इथे लिहून ठेवतो, म्हणजे — हसताना तिचा डावा गाल — रागावली की चप्पल उलटी — तिचा आवाज, ती मला —

सोमवार, २४ मार्च
सकाळी सुतार एक लहान खाट घेऊन आला. माप मीच दिलं होतं म्हणतो. माझ्याकडे लहान कुणी नाही. पण काम चांगलं केलंय, परत पाठववेना. खिडकीजवळ लावून घेतली. खाली पुस्तकांच्या दोन पेट्या बरोबर बसल्या.