माझ्या मोपेडचा कार्बोरेटर

अम्मा, तुला देवनागरी वाचता यायची नाही. आपलं तंजावूरकडचं मराठी तू तमिळ अक्षरांत लिहायचीस, आणि मीही तिशी उलटेपर्यंत तसंच लिहीत होते. पुढे नोकरीने मला पुण्याला आणलं तेव्हा ही लिपी शिकले. हे पत्र मुद्दाम याच लिपीत लिहिते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तू कुठून तरी डोकावून वाचशील आणि मधेच माझं वाक्य तोडशील अशी मला धास्ती वाटते. आज तसं होऊ द्यायचं नाही. आज मी बोलणार आणि तू गप्प बसणार.

राग जुना आहे, पण शिळा झालेला नाही. अप्पा गेले आणि त्यांची काळी गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. चार वर्षं तिच्यावर नारळाच्या झावळ्या पडत होत्या. मग एका सकाळी तुझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक, तू पदर खोचून बॉनेट उघडलंस. भंगारवाल्याने ती वजनावर मागितली होती, तेवढंच निमित्त. त्यानंतर आपल्या स्वयंपाकघराची जी दशा झाली ती मी विसरलेले नाही. इडलीपात्राच्या खळग्यांत नट आणि बोल्ट, मोठे वर, बारीक खाली. भात वाढायच्या पातेल्यात रॉकेल. सांबारालाही रॉकेलचा वास. मी तक्रार केली की तू म्हणायचीस, "नाक झांकून जेव गे." एका मोडीत काढलेल्या टॅक्सीचा डिस्ट्रिब्यूटर आणलास, शेतातल्या पंपाची रबरी नळी रेडिएटरला लावलीस, पट्टा कुठल्याशा राइस मिलचा. पेट्रोलचा पंप मेलेला होता, तर इंजिनाशेजारी पेट्रोल भरलेला तेलाचा डबा उंच बांधून त्यातून नळी सोडलीस. एकाचा एकाला मेळ नाही. पण तू कानस घेऊन बसायचीस आणि जे बसत नाही ते बसेपर्यंत घासायचीस. माणसांनाही तू तेच करायचीस, मला तर रोज.

एकच वस्तू मिळेना, कार्बोरेटर. जुना तडकलेला होता आणि तंजावूर, तिरुची पालथं घालूनही तसला दुसरा सापडला नाही. त्याच सुमारास मी पहिल्या पगारांतून मोपेड घेतली होती. गावोगावी कम्प्युटर शिकवणाऱ्या संस्था उघडत होत्या ते दिवस. पापनाशमच्या एका संस्थेत मी शिकवायचे आणि रोज मोपेडवरून जायचे. तुला ते आवडत नव्हतं. मुलगी दोन चाकांवर उंडारते, असं तू शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हणायचीस. आणि एकाएकी तू गोड झालीस. रविवारी मी अंगणात कार्बोरेटर उघडून धुवायला बसले की तू कॉफी घेऊन शेजारी यायचीस. "हा स्क्रू कशाला गे? हा फिरवल्यास काय होतें?" मी फुशारून सांगायचे. इथून हवा येते, इथून पेट्रोल, हा तरंगणारा गोळा पेट्रोल अडवतो. जन्मात पहिल्यांदा तू माझं काही ऐकून घेत होतीस. मला वाटलं, आई लेकीशी बोलते आहे. तू माप घेत होतीस, अम्मा. ही गोष्ट मी तुला कधीच माफ केलेली नाही, आणि आजही करत नाही.

मग तो सोमवार. संस्थेची नवी शाखा कुंभकोणमला निघणार होती आणि ती कुणाच्या हाती द्यायची हे मालक त्या दिवशी दहा वाजता ठरवणार होते. मी किंवा दुसरे एक सर. उशिरा येणाऱ्याचं नाव ते तिथल्या तिथे खोडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुलाही ठाऊक होतं, मीच आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं. ती शाखा म्हणजे कुंभकोणमला स्वतंत्र खोली, स्वतःची चूल, आणि तुझ्या कानशीपासून सुटका. सकाळी उठले तर तू घरात नाहीस आणि शेड रिकामी. चुलीजवळ केसरी, इथे पुण्यात जिला शिरा म्हणतात ती, आणि बज्जीचं पीठ झाकून ठेवलेलं. मला काही कळेना. मी मोपेडला पायडल मारत बसले. मारलं, मारलं, घाम फुटला. शेवटी वाकून पाहिलं तर कार्बोरेटरच्या जागी भोक आणि खाली लोंबणारी नळी.

मी तशी उभी आहे आणि फाटकातून गाडी आत येते आहे. माणसाच्या चालीने, खोकत, पण येते आहे. चाकामागे तू, नऊवारी कांजीवरम नेसून, कपाळाला घाम आणि चेहरा असा की जणू राज्य परत मिळवलंस. मागे पुण्याचे पाहुणे, वर, त्याचे वडील आणि आई. मला दाखवायचा कार्यक्रम मला न सांगता ठरवलेला. पुण्याची माणसं ऑटोतून आपल्या दारी आलेली तुला चालणार नव्हतं. खाली उतरताच वराचे वडील म्हणाले, "वा, गाडी काय राखली आहे हो तुम्ही! आणि चालवताही किती जपून." तू हसलीस. मग माझ्याकडे वळून दातांतल्या दातांत म्हणालीस, "आंत जा, लुगडं बदल. अस्के लोक पाहतात."

बस गाठता आली असती, हे मला कळत होतं. पण मला बस नको होती, माझी वस्तू हवी होती. मी बॉनेट उघडलं. मोठ्या काळ्या इंजिनाच्या डोक्यावर माझा एवढासा कार्बोरेटर बसवलेला होता, हत्तीला शेळीचं नाक लावावं तसा. तू माझा दंड धरलास. "नक्को गे. अत्तां नक्को. ते जाऊं देत, मग घे." तुझ्या आवाजात विनवणी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, आणि मला तिची दया आली नाही. वर जवळ येऊन उभा होता. "तुम्हाला हे जमतं?" त्याने विचारलं. "जमतं," मी म्हटलं. "तो बारीक पाना द्या जरा." बिचाऱ्याने दिला. इंजिन तापलेलं होतं, माझं बोट भाजलं, त्याचा डाग अजून आहे. कार्बोरेटर काढताना त्याच्याखाली फट बुजवायला घातलेली जाड चामड्याची चकती दिसली. अप्पांच्या चपलेचं चामडं. त्या चपला तू कपाटात ठेवल्या होत्यास आणि मला हात लावू देत नव्हतीस. मी एक क्षण थांबले. मग उरलेला स्क्रू काढला, मोपेडला कार्बोरेटर लावला आणि पाहुण्यांच्या देखत फाटकाबाहेर पडले.

दहाच्या आत पोचले. शाखा मला मिळाली. पाहुणे ऑटोने परत गेले. गाडी पुन्हा कधी चालू झाली नाही, तू प्रयत्नही केला नाहीस. तू जाईपर्यंत आपण बोलत होतो, पण भाताचं आणि तब्येतीचं. त्या सकाळबद्दल तूही बोलली नाहीस आणि मीही नाही.

इथे पुण्यात ऑफिसात मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. गाडी कालव्याच्या पुलावर बंद पडली, वराच्या बापाने धोतर सावरत ढकलली, असं मी सांगते, आणि तुझी नक्कल करते. हे पत्र काही मी कुणाला दाखवणार नाही. उद्या ऑफिसात पुन्हा कुणी विचारलं तर गोष्ट तशीच सांगेन. पण इथे तुझ्यापुरतं लिहून ठेवते. गाडी पुलावर बंद पडली नव्हती, अम्मा. स्टेशनपासून चार माणसं घेऊन ती कुठेही न थांबता आपल्या दारापर्यंत आली. बंद मी केली.