तेल मुरायच्या आधी

वस्ताद,

तुमच्या तालमीच्या जागेवर आता मिरचीचा बाजार भरतो. तुम्हाला जाऊनही जमाना झाला. तरी लोक तुमची गोष्ट सांगतात आणि मला संताप येतो. म्हणे, वस्तादानं परक्याच्या लेकरासाठी पोटचा पोरगा गंगेला दिला. दिला कसला? निसटला तो. तेव्हा तुमच्या दुसऱ्या हातात मी होतो, मला ठाऊक आहे.

निजामाचं राज्य, पोरं जमवून कुठं न्यायची तरी ठाण्यात सांगावं लागे. ते सगळं करून तुम्ही तालमीतल्या आम्हा पोरांना गोदावरीतल्या, आपल्या गंगेतल्या, बेटावर नेलंत. "गावातल्या हौद्याच्या मातीत दम वाढत न्हाई, जरा उघड्यावर चला." अम्मीनं, तुमच्या घरच्यांनी, भाकरी बांधून दिल्या होत्या. सकाळी गुडघाभर पाण्यातून हसतखेळत गेलो. बेट ते केवढं, वाळू आणि चार बाभळी. जोर-बैठका झाल्यावर तुम्ही स्वतः एकेकाला करडीच्या तेलानं चोळलंत. तुमचा मुलगा आणि मी कुस्तीतले जोडीदार, म्हणून आमची पाळी शेवटी. डोक्यावर कडक ऊन आहे आणि पाणी एकाएकी गढूळ होतंय. वरच्या अंगाला पाऊस झालेला.

मोठी पोरं एकमेकांचे हात धरून पार झाली. आम्ही उतरलो तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. मला पोहता येत नव्हतं, म्हणून माझ्या लंगोटाची गाठ तुम्ही मुठीत आवळलीत. त्याला येत होतं, म्हणून त्याचं नुसतं मनगट धरलंत. तुमच्याच हातानं चोळलेलं तेल अजून मुरलं नव्हतं. तो "अब्बा" म्हणाला, तेही मोठ्यानं नाही. तुम्ही त्याच्याकडे एक पाऊल टाकलंत. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. तुम्ही थांबलात. मग मला काठावर टाकून पुन्हा आत शिरलात, पण तोवर तो दिसेनासा झाला होता. मी रडायला लागलो तर माझ्यावरच ओरडलात, "रडतो कावून बे? तू हाईस नव्हं?"

तो खालच्या गावाला सापडला. त्याला माती देऊन आलो त्या संध्याकाळी अम्मीनं त्याचा दुधाचा पेला माझ्यापुढे ठेवला. गवळी नेहमीसारखं दूध घालून गेला होता. "पी लेकरा, न्हाईतर नासंल." मी प्यालो. तुम्ही तालमीला कुलूप लावलंत आणि मरेपर्यंत कुणाच्या अंगाला तेल लावलं नाहीत.

चारचौघांत मीही म्हणतो, त्याच्या जागी मी जायला हवा होतो. ऐकणारे हळहळतात. हे मात्र तुमच्या कबरीपाशी वाचावं म्हणून लिहायला बसलो, आणि आता नेणार नाही. शेजारीच तो आहे. त्याच्यादेखत कसं सांगू, की तुम्ही थांबलात तेव्हा मला बरं वाटलं होतं? अजून वाटतं, वस्ताद.