किंचित उशिरा येणारी गिटार

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

माझं पेडल तयार झालं! गिटारचा आवाज बदलणाऱ्या या डबीचा पहिला नग सोबत पाठवलाय. लगेच नाक मुरडू नका. गिटारवाले पूर्वीपासून असेच उद्योगी. फाटक्या स्पीकरची खरखर आवडली, तिचंही पेडल झालं. मग एकटी गिटार दोघींसारखी वाजावी असं वाटलं. तेच हे कोरस. आवाजाची एक नक्कल किंचित उशिरा, किंचित वरखाली होत मूळ आवाजाला येऊन मिळते.

इतरांच्या पेडलमध्ये ती पाळण्यासारखी एका लयीत झुलते. मी मात्र तुमच्या नि आईच्या गिटारींची जुनी टेप ऐकून ती बसवलीय. आई प्रत्येक ओळीत रेंगाळते आणि शेवटी धावत येऊन तुम्हाला गाठते, अगदी तशीच. आमच्या कारखान्याच्या मालकांनी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि डबीवर माझी सही कोरायला सांगितली!

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते वाद्यांच्या दुकानात लोकांसमोर पहिल्यांदा वाजणार आहे. तुम्हीच वाजवावं अशी फार इच्छा आहे. आईची बोटं आखडल्यापासून तुम्ही गिटारला हात लावलेला नाही, ठाऊक आहे. तरी विचारते.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची भिंगरी

ता. ८ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पेडल पोचलं. शेजारच्या शिंपीबुवांना दाखवून आलो, त्यांना ती दाराची घंटा वाटली. समजावताना माझा घसा बसला, पण लेक काय करते ते अख्ख्या गल्लीला कळलं. तुझ्या सहीवरून किती वेळा बोट फिरवलं, सांगत नाही.

वाजवणार मात्र नाही. हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात जन्मभर तुझी आई शेजारी बसून वाजवायची. तिच्यादेखत तिची जागा डबीला देऊ? तिला विचारायचाही धीर होत नाही. दुसरा वादक बघ.

अभिमानाने ऊर भरून आलाय, तेवढं पदरात घे.
तुझे बाबा

ता. १० मार्च

चि. भिंगरीस पोटभर आशीर्वाद.

बाबांनी काय लिहिलं असेल ते मी ओळखलं. पाकीट चिकटवताना नाक पुसत होते. मला न विचारता माझ्या मनाची काळजी करायची ही त्यांची जुनीच खोड. मीच पेडल जोडलं, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बजावलं, लेकीच्या कष्टांवर बोळा फिरवणार असाल तर आजपासून चहा आपला आपण करा. मुकाट वाजवू लागले.

अगं, मागून वाजणारी ती मीच होते! क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग रागच आला. मी काही इतकी मागे राहत नव्हते! तशीच खाली बसले आणि पेडलवरचं उशीर कमी-जास्त करायचं बटण फिरवलं. थोडं कमी केलं, ओळ संपताना आणखी कमी, पुढच्या ओळीला पुन्हा वाढवलं. तार दाबवत नाही या बोटांनी, पण बटण फिरतं गं. बाबांनी चमकून खाली पाहिलं. मी म्हटलं, थांबू नका. मग कितीतरी वेळ आम्ही वाजवत होतो.

पोरी, केवढं मोठं काम केलंस तू! त्या शनिवारी दोन खुर्च्या मांडायला सांग. आणि पेडल खाली ठेवायचं नाही, माझ्यासमोर टेबलावर हवं.

तुझी,
आई