सकाळच्या भावात

मस्कत, १२ जानेवारी २०२५

ती. भागिरथीताईस,
धाकट्या प्रशांतचा सा. न. वि. वि.

इकडे मी ठीक आहे. दाजींचा गुडघा कसा आहे? या पाकिटातून कागदाच्या पाच पट्ट्या पडतील, त्या कचरा समजून चुलीत घालू नको बरं! गिऱ्हाईकाला सेंटचा वास दाखवायला दुकानात असल्या पट्ट्या ठेवतात. पाच वास पाठवलेत, मागे नंबर टाकलेत. आईला एकेक हुंगायला दे. काचबिंदूनं डोळे गेले, कानांनीही दगा दिला. व्हिडिओ कॉल लावला तर ती नुसती मोबाईलकडे तोंड करून हसते, अन् मला नंतर घास जात नाही. नाक तरी शाबूत आहे ना तिचं? जो वास आवडेल ती बाटली जूनमध्ये घेऊन येतो.

तू विचारलंस, विमानतळावरच्या दुकानातच कामाला आहेस तर एखादी बाटली आत्ताच का धाडत नाहीस. अगं, ड्यूटी फ्रीचा माल फक्त प्रवाशाला मिळतो. पैसे देण्याआधी बोर्डिंग पास, म्हणजे विमानात बसायचा कागद, दाखवावा लागतो. मी दिवसभर बाटल्या मांडतो, पुसतो, पण एक विकत घ्यायची माझी टाप नाही. ज्या दिवशी घरी निघेन त्याच दिवशी मी गिऱ्हाईक.

शेजारच्या लंकाकाकूंना सांग, बदाम इथून मागवू नका, नगरच्या बाजारात स्वस्त पडतील. ड्यूटी फ्री म्हटलं की लोकांना वाटतं सगळं फुकटच आहे! चॉकलेटचा मोठा डबा तेवढा परवडतो, आणि सेंट. तेही वेळ बघून घेतलं तरच.

कळावं. माया आहे तशीच राहू दे.
तुझा प्रशांत


देवळाली प्रवरा, २ फेब्रुवारी २०२५

चि. प्रशांत यास, ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पाकीट फोडलं अन् घरभर वास सुटला. तुझे दाजी म्हणाले, हे तर लग्नघर झालं. आईनं मेथीची जुडी पारखावी तशी एकेक पट्टी पारखली. पहिलीला म्हणाली, न्हाव्याचं दुकान. दुसरीला शिंकली. चार नंबरची मात्र हातातून सोडेचना. मग आपणहून बोलायला लागली. तिच्या लग्नात म्हणे वऱ्हाडावर गुलाबपाणी शिंपडलं, पण नवरीपर्यंत यायच्या आतच गुलाबदाणी रिकामी झाली. मला ही गोष्ट आजवर ठाऊक नव्हती बघ. पट्टी तिनं चंचीत ठेवलीय, मिश्रीच्या डबीशेजारी. माझ्या हातात देत न्हाई, मी पळवीन म्हणते!

तुला सांगायला लावलंय की पहिल्या भावाला घेऊ नको. आठवतंय ना, आठवडे बाजाराला ती आपल्याला दिवस कलल्यावरच न्यायची. बाजार उठताना भाजीवाल्यांना ओझं परत न्यायचं नसतं, मग पडेल त्या भावात देतात. आपण त्यावरच वाढलो.

तिचे पाय सुजतात, चार पावलं टाकली की धाप लागते. राहुरीच्या डॉक्टरांनी हृदय दमलंय म्हणून सांगितलं. घाबरू नको, पण जूनचं काही मागंपुढं करू नको. जेवत जा. तुझा मागचा फोटो बघून माझा जीव नुसता खालीवर झाला.

लोभ आटू देऊ नको.
तुझी ताई


मस्कत, २६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी! चार नंबरच्या सेंटचा एक डबा कोपऱ्याला दबलाय. आत बाटली धडधाकट आहे, पण डबा दबला की इथल्या श्रीमंत लोकांना तो चालत नाही. त्यावर लाल चिठ्ठी लागलीय, अर्धा भाव. मी तो फळीच्या अगदी मागे सरकवून ठेवलाय, पुढं चांगल्या डब्यांची भिंत. मल्याळी सोबत्यालाही सांगून ठेवलंय, माझ्या सुट्टीच्या दिवशी तो राखण करतो. गिऱ्हाईक तिकडं वळलं की मी दुसरीच बाटली पुढं करतो. ईदनंतर उन्हाळ्याची सूट लागते, तेव्हा आणखी उतरेल. आईला सांग, तिचा पोरगा बाजार उठायची वाट बघतोय.

डॉक्टरांचं वाचून जीव थाऱ्यावर नाही. आत्ताच यावं असं रोज वाटतं. पण जूनमध्ये दोन वर्षं भरली की कंपनी तिकीट देते. आधी निघालो तर पदरचं घालावं लागतं, शिवाय पुन्हा कामावर घेतीलच याचा भरवसा नाही. थोडे दिवस राहिलेत. तिला औषध वेळेवर दे. ऐकत नसली तर माझी शपथ घाल.

राग आला तरी पत्र लिहीत जा.
तुझा प्रशांत


देवळाली प्रवरा, ९ एप्रिल २०२५

चि. प्रशांत, आशीर्वाद.

आई आता खाटेवरून उठत न्हाई. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून पाठीला उशा लावून बसवून ठेवते. फोनवर तुला सगळं सांगितलं न्हाई. आज तिनं मला जवळ घेऊन बसवलं अन् तुला लिही म्हणाली. फोन नको, पत्रच लिही, म्हणजे तो चार वेळा वाचील.

तिचं सांगणं असं की, प्रशांतला म्हणावं, ह्या वेळेला बाजार उठायची वाट बघू नको. सकाळच्या भावात घे अन् ये. मी आयुष्यभर उरलेलं घेतलं, त्यात कमीपणा नव्हता, पन सगळंच उरत नसतं म्हणावं.

एवढं बोलून तिला लई धाप लागली. मग चंचीतली पट्टी काढून माझ्या हातात दिली. दुसरीच बाटली आणशील म्हणून ही खूण धाडायला सांगितलीय. मला तर काही सेंटबिंटचा वास येईना, पण तिला अजून येतो म्हणते. मीही तुला तेच म्हणते, ये रे बाबा. पैशाचं आपण बघू काहीतरी.

वाट बघतोय.
ताई


मस्कत, ४ मे २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तेरावं उरकून परवा पोचलो. खोलीवर तुझं नऊ एप्रिलचं पत्र पडलेलं होतं. मी तिकडं तिच्यासाठी निघालो अन् तिचा निरोप माझ्यामागं इथं येऊन बसला. आईनं सांगितलं होतं तसं चार वेळा वाचलं. फार रडलो, ताई.

एक गोष्ट तुला तिथं सांगता आली नाही. आई गेल्याचा दाजींचा फोन आला, मिळेल ते तिकीट काढलं अन् पहिल्यांदाच हातात बोर्डिंग पास घेऊन आमच्याच दुकानात शिरलो. डबा मागे होता तिथंच होता. त्यावर त्याच सकाळी नवी चिठ्ठी लागली होती, पाव भाव. ज्या भावाची मी वाट बघत होतो तो बरोबर त्याच दिवशी उतरला. चिठ्ठी वाचून मला स्वतःची इतकी शिसारी आली की डबा तसाच ठेवून निघणार होतो. मग वाटलं, चांगल्या डब्याचे पूर्ण पैसे मोजले असते तर तिनंच झापलं असतं. बिल करणाऱ्या पोरीला काही ठाऊक नव्हतं. ती हसून म्हणाली, अखेर तुझा नंबर लागला.

पुढचं तू पाहिलंसच. ती सीलबंद पिशवी माझ्या हातानं उघडेना, तू दातानं फाडलीस. आंघोळ घालून झाली होती, चेहरा तेवढा माझ्यासाठी उघडा ठेवला होता. मी सेंट तिच्या कपाळावर, पदरावर शिंपडलं. लग्नातलं गुलाबपाणी नवरीपर्यंत पोचलं नव्हतं. हे पोचलं, पण तिचं नाक मिटल्यावर. लंकाकाकू म्हणाल्या, लेकानं सोनं केलं. मला ते ऐकवलं नाही.

भाऊबीजेचं तिकीट आज काढलं. पुढं भाव उतरेल का, कंपनी देईल का, काही बघितलं नाही. तुला काही हवं असलं, काही दुखत असलं, तर पत्राची वाट बघू नको, फोन कर.

पट्टी मिळाली. तिला आता सेंटचा वास नाही, मिश्रीचा येतोय. सकाळी अंगणात बसून ती मिश्री लावायची अन् आपण तिच्या पाठीला रेलून बसायचो, तोच वास. दिवसभर माझ्या नाकासमोर हजार बाटल्या असतात, पण त्यातल्या एकीतही तो नाही. पट्टी तुझ्या पत्रातच ठेवलीय. वास उडून जाईल म्हणून पाकीट उघडायची हिंमत होत नाही, आणि उघडल्याशिवाय झोप येत नाही.

आता माहेरचं माणूस म्हणून तुला मी अन् मला तूच. माया कमी करू नको.
तुझा प्रशांत