मेजरला हीटर

२ डिसेंबर

…चादरी पिळून दोरीवर टाकल्या होत्या, दूध तापवून झाकलं होतं, भांडी विसळून पालथी घातली होती आणि ओट्यावरून फडकं फिरवत होते, तेवढ्यात ह्यांनी अंगणातून हाक मारली, जरा टॉर्च धर गं. ओल्या हातानंच धरला. ह्यांनी मेजरच्या केबिनमध्ये, माझ्या सीटच्या पुढ्यात खाली, ड्रिलनं चार भोकं पाडली. हीटरसाठी. मग लक्षात आलं की त्या मापाचे बोल्ट घरात नाहीत. उद्या आणतो, म्हणाले.

तो हिवाळा गेला, पुढचे बरेच हिवाळे गेले, मग हे गेले.

मेजर म्हणजे ह्यांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला बारका ट्रक, वयानं माझ्याहून थोरला. हीटर खोक्यासकट पलंगाखाली राहिला. दर रविवारी फेरी मारायला निघालो की त्या चार भोकांतून वारा थेट माझ्या पायांवर. मी म्हणायची, पाय गार पडले. हे म्हणायचे, पुढच्या हिवाळ्यात नक्की.

हे आज आठवलं कारण मुलीचा फोन आला. जुन्या लष्करी गाड्या जमवणारं एक गिऱ्हाईक मिळालंय, २२ तारखेला, रविवारी गाडी बघायला येतंय. मी लगेच हो म्हटलं. भंगारात जीव अडकवणारी बाई मी नव्हे. फक्त त्याआधी हीटर बसवून टाकते. आपल्या घरातून गाडी अर्धवट जाऊ नये, एवढंच. दोन तासांचं काम.

३ डिसेंबर

खोकं काढलं. आत उंदरांनी संसार थाटलाय. वरचं झटकलं, आतलं उद्या.

संकल्प: मेकॅनिकला बोलवायचं नाही. मौनीबाबा माणूस चांगला, पण पाना हातात घेतला की तोंड सुरू होतं. नाव कुणी ठेवलं कोण जाणे. लायब्ररीतून मोटारदुरुस्तीचं पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. जाडजूड इतिहास वाचून काढलेत, त्यापुढे हे काय.

५ डिसेंबर

पुस्तक वाचून झालं. बॅटरीचं प्रकरण गाळलं, हीटरशी संबंध नाही. बाकी सोपं आहे. इंजिनाचं गरम पाणी नळीनं हीटरमध्ये यायचं, पंख्यानं त्यावरून वारा मारायचा, पाणी दुसऱ्या नळीनं परत. एवढ्यासाठी लोक मेकॅनिक बोलावतात!

एक चूक मात्र सापडली. भोकं चुकीच्या बाजूला आहेत. कोणीही शहाणा माणूस हीटर ड्रायव्हरच्या पायाशी बसवेल. ह्यांचं मापाचं नेहमीच असं. पण आता पडलीत ती पडलीत.

बोल्ट आणले. जाड निघाले.

८ डिसेंबर

बारीक बोल्ट आणले. हीटर केबिनच्या पुढच्या भिंतीला लागला. थोडा तिरका आहे, पण बसलेल्या माणसाला कळत नाही.

मुलगी आली होती. मी गाडीखाली. माझे नुसते पाय बघून म्हणाली, आई, गाडी विकतेयस की सासरी पाठवतेयस? मी खालूनच म्हटलं, विकतेय. वाकून म्हणाली, मग मेजरला टॉवेलनं पुसतेयस कशाला, आणि तो बाबांचा टॉवेल आहे. जुना टॉवेल फडकं म्हणूनच वापरतात. हिला संसाराचं काही कळत नाही.

११ डिसेंबर

नळ्या जोडल्या. इंजिन सुरू केलं, माझ्या सीटवर जाऊन बसले, गरम हवेची वाट बघत. हवेच्या आधी पाणी आलं. क्लिप घट्ट करायची राहिली होती. जाड बूट होते म्हणून निभावलं.

पाय गरम झाले, हे मान्य करायला हवं. म्हणजे तत्त्व बरोबर आहे.

१४ डिसेंबर

क्लिपा आवळल्या. पंख्याच्या वायरी बॅटरीला जोडल्या. मुलीला मुद्दाम बोलावलं. सीटवर बसवलं आणि बटण दाबलं.

पंखा असा सुटला की विमान उडतंय असं वाटलं. ३ तारखेला उद्यावर टाकलेला उंदरांचा संसार, कापूस, कागद, सगळा मुलीच्या तोंडावर. मग जळका वास. मग धूर. मग शांतता.

मुलगी केसातला कापूस काढत म्हणाली, आई, आता पुरे. मी म्हटलं, ताकद जरा जास्त आहे, एवढंच.

१५ डिसेंबर

मौनीबाबाला बोलावलं. हरले म्हणून नव्हे, दुसरं मत घ्यावं म्हणून. धुराचा वास आल्या आल्या तो सुरू झाला: वहिनी, अहो गाडी लष्कराची, दोन बॅटऱ्या, चोवीस व्होल्ट. हीटर साध्या गाडीचा, बारा व्होल्टचा. पोराला दोन माणसांचं जेवण भरवलंत की हो तुम्ही! पुस्तकात असतं हे, बॅटरीच्या प्रकरणात.

असेल. लायब्ररीचं पुस्तक मी परत केलंय.

पंख्याची मोटर बदलावी लागेल म्हणाला. मग विषय कसा कोण जाणे त्याच्या साडूच्या पाठदुखीवर गेला.

१९ डिसेंबर

मोटर बदलली. वायर एकाच बॅटरीवरून घेतली. बटण दाबलं. वारा आला, गरम. मौनीबाबा पहिल्यांदाच गप्प बसला. मग म्हणाला, साहेब असते तर. मी म्हटलं, चहा घेणार का.

२१ डिसेंबर, संध्याकाळ

उद्या गिऱ्हाईक. त्याआधी स्वतः चालवून बघायचं ठरवलं. दर आठवड्याला गेटापर्यंत नेते आणि परत आणते, म्हणजे मला गाडी येते. आज गेट उघडून रस्त्यावर काढली. ह्यांच्या सीटवर बसून, ह्यांच्या रविवारच्या वाटेनं, पाण्याच्या टाकीपर्यंत.

हीटर उत्तम चालला. शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं कोमट झालं होतं, हात लावून बघितलं. माझ्या बाजूला काही नाही. पेडलजवळच्या फटीतून वारा येतो, तो थेट घोट्यांवर. टाकीपाशी पोचेपर्यंत पाय बधिर.

गाडी चालवणाऱ्याचे पाय एवढे गार पडतात, हे मला माहीत नव्हतं. हे कधी बोलले नाहीत.

भोकं बरोबर बाजूला होती.

२२ डिसेंबर, रविवार

संकल्प: व्यवहार शांतपणे उरकायचा.

गिऱ्हाईक यायच्या आधी मुलीला म्हटलं, तू चालव, मला एकदा माझ्या जागेवर बसू दे. ती म्हणाली, ह्या रणगाड्याला हात लावणार नाही. मग बसली. मी चपला काढल्या. गरम वारा पायांवर आला. सवयीनं तोंड उघडलं, पाय, एवढंच म्हटलं. मुलीनं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

गाडी गेटात पोचली आणि बंद पडली. निम्मी आत, निम्मी बाहेर. मुलगी उतरायला निघाली. मी म्हटलं, बस जरा, पाणी अजून गरम आहे. बसलो. पंखा फिरत होता. ती म्हणाली, बाबा दर वर्षी मला सांगायचे, ह्या वर्षी तुझ्या आईचे पाय गरम करतो. म्हटलं, मलाही तेच सांगायचे. बॅटरी उतरेपर्यंत बसलो.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गेट अडलेलं, म्हणून बाहेरूनच वाकून पाहिलं. म्हणालं, हा हीटर मूळ गाडीचा नाही. हा काढा, भोकं बुजवा, मग बघू. मी म्हटलं, मग राहू द्या. ते गेलं.

मुलगी म्हणाली, झालं समाधान? म्हटलं, समाधानाचा प्रश्नच नाही, त्यालाच गाडीतलं कळत नव्हतं. मग दोघींनी मिळून मेजरला ढकलत आत घेतलं.

२३ डिसेंबर

चादरी पिळून दोरीवर टाकल्या. दूध तापवून झाकलं. भांडी विसळून पालथी घातली. ओटा पुसला. मग ड्रिल घेऊन ड्रायव्हरच्या बाजूला, दुसऱ्या हीटरसाठी, चार भोकं पाडली.