मुखेडच्या चढाचं निमित्त

अप्पा, तुमची गाडी पुन्हा गिअरची करून घेतली. काय रागवायचं ते आधी रागवून घ्या. अव्वा असती तर म्हणाली असती, "चांगली चालती गाडी खोलायचं खूळ हिच्या डोक्यात शिरलं कुठून?" लातूरचा मिस्त्रीही तेच म्हणाला, फक्त जरा अदबीनं. त्यानं ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स काढला, पहिल्यासारखा चार गिअरचा बसवला, खाली क्लचचं पेडल आलं. मला वाटलं, झालं काम. तर हा हात पुसत म्हणतो, "ताई, खरा सवाल तर आता हाय. मागं डिफरन्शियलमधी जोडी कोणती टाकू?"

मागच्या दोन चाकांच्या मधोमध ती दातेरी चाकांची जोडी असते, एक लहान, एक मोठं. लहान चाक किती वेळा फिरल्यावर गाडीचं चाक एकदा फिरतं, त्यावर सगळं ठरतं. फेरे जास्त, तर गाडी ओढायला दमदार पण पळायला हळू. फेरे कमी, तर पळते झकास, पण उठताना रडते. ऑटोमॅटिक बसवलं तेव्हा तुम्ही कमी फेऱ्यांची जोडी टाकून घेतली होती. ऑटोमॅटिक उठताना स्वतःच जोर लावतं, त्याला ते खपून गेलं. क्लचवर तीच ठेवली तर क्लच जळून जाईल, असं मिस्त्रीचं म्हणणं. "मधली टाकतो. रस्ते आता कसले मस्त झालेत. जुनी, जास्त फेऱ्यांची टाकली तर इंजिन वरडत राहील, अन् ट्रकवाले बी तुम्हाला मागं टाकतील. चालवणार कुठं?"

"मुखेडला," मी म्हटलं. "चढ हाय तिकडं. जुनीच टाका."

दुकानातल्या शिडीवरून पडलात आणि तुमचा डावा खांदा कामातून गेला, तेव्हापासून मुखेडचा बाजार आपल्या दोघांचा. मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे छताला टेकलेत, मी शाळा बुडवून तुमच्या डाव्या हाताला बसलेय. तुम्ही उदगीर सोडता, क्लच दाबता आणि समोरच बघत म्हणता, "टाक माय, तिसरा." मी दोन्ही हातांनी दांडा ओढते. चढ लागला की इंजिनचा आवाज जड होतो आणि माझे हात आधीच दांड्यावर जातात. एकदा तुमचा पाय क्लचवर गेला अन् तुम्ही बोलायच्या आत मी दुसरा टाकला. "मालक कोन हाय गाडीचा? सांगितल्याबिगर हात लावायचा न्हाई!" असे कडाडलात की मी मुखेड येईपर्यंत तोंड फुगवून बसले. बाजारात मात्र येईल त्याला सांगत होतात, "पोरीला गाडीचं मन कळतं बघा." आणि घरी येताना माझ्या मांडीवर गरम भज्यांचा पुडा होता.

मग नांदेडच्या कॉलेजात माझा नंबर लागला. मी म्हटलं, जात नाही, गिअर कोण टाकणार? तुम्ही कुठल्याशा विलायती गाडीच्या भंगारातून ऑटोमॅटिक शोधून आणलंत, बसवलंत आणि अंगणात गाडी उभी करून हसत म्हणालात, "जा आता. गाडीला बी तुझी गरज न्हाई." नांदेडपर्यंत एसटीत रडत गेले मी. तुम्ही हे का केलंत ते तेव्हाही कळत होतं. शिकले, नोकरीला लागले, सगळं त्याच्यामुळंच. पण दिवाळीला घरी आले, माझ्या जागेवर बसले, सवयीनं हात दांड्याकडे गेला, तर तुम्ही म्हणालात, "बस निवांत." अप्पा, तुमच्या शेजारी निवांत बसायची मला सवयच नव्हती हो. त्यानंतर आपण गाडीत बोललोही कमीच. मग तुम्हीच गेलात. तुमची लई आठवण येते. गाडीत बसलं की जास्तच.

मिस्त्रीनं शोधाशोध करून जुनी जोडी मिळवली, कपाळाला आठ्या घालून का होईना, बसवली. त्याचं बरोबर होतं. उदगीरहून लातूरला कामावर जाते तेव्हा इंजिन वाटभर ओरडतं, ट्रकवाले हॉर्न मारत पुढे जातात, ऑफिसातले लोक मला बैलगाडीवाली म्हणतात. म्हणू देत. हे पत्र डाव्या सीटसमोरच्या खणात ठेवून देणार आहे, माझ्या जुन्या जागेपुढं.

एक मात्र मिस्त्रीला सांगितलं नाही. गाडी घेऊन मुखेडला मी अजून एकदाही गेलेली नाही. चढ हे निमित्त होतं. जुन्या जोडीवर गिअर लवकर लवकर बदलावे लागतात, मला तेवढंच हवं होतं. आता मी तुमच्या जागेवर बसते, क्लच दाबते, समोर बघत म्हणते, "टाक माय, तिसरा." आणि थोडं थांबते. गाडी मंदावते, मागचा हॉर्न वाजवतो. मग मीच टाकते.